गडग्यापलीकडची दृष्ट

“अगो, ऐकलंस का? अण्णांच्या नातवाचे मासे गेले. सगळेच्या सगळे!”

मी गडग्यावर आमसुलं वाळत घालत होते. पलीकडून माईंचा आवाज आधी आला, डोकं मागाहून.

“सगळे नव्हेत. आठ निऑन गेले, ते निळ्या-तांबड्या पट्ट्याचे. गप्पी शाबूत आहेत.” बातम्या आमच्याही बाजूला येतात म्हटलं.

“दृष्ट, दुसरं काय! परवा ती कोपऱ्यावरची टाकीपुढे तासभर बसली होती. ‘काय गोड, काय गोड’ चाललं होतं.”

“मग गप्पींना कशी नाही लागली दृष्ट?”

माई थबकल्या. त्यांचं असं क्वचित होतं.

“मी काल बघून आले माई. टाकी कसली, मखरच! तळाला देवघराच्या फरशीतून उरलेली संगमरवराची खडी, वर भाट्याच्या किनाऱ्यावरून वेचलेले शिंपले आणि मध्यभागी हा एवढा शंख.”

“मग बिघडलं काय? शिंपला तरी पाण्यातलाच ना?”

“तुमच्या लहानपणी चुना कशाचा करायचे?”

“शिंपले भाजून. खाडीकडेला भट्टी असायची.”

“आता भट्टी नसली तरी शिंपल्यातलं ते चुन्याचं द्रव्य थोडंथोडं पाण्यात उतरतंच. संगमरवराचंही तेच. त्यात आपल्या विहिरींचं पाणी जांभ्यातून पाझरलेलं, मऊ आणि जरासं आंबट. डाळ कशी चटकन शिजते त्यात! असलं पाणी चुना भराभर ओढतं. माशांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मिसळतो तो वेगळाच, त्यानं आणखी विरघळतं. अण्णांकडे सामू (पीएच) मोजायची पट्टी बुडवून बघितली, तर विहिरीच्या पाण्याचा सामू ६.५ आणि टाकीतल्या पाण्याचा ८. पाणी एकाच विहिरीचं!”

“असेल. पण चुन्यानं मासा मरतो होय?”

“नुसत्या चुन्यानं नव्हे. निऑन मूळचे ॲमेझॉनच्या खोऱ्यातले, मऊ, आंबूस पाण्यातले. कठीण पाण्यात ते आधीच बेजार. गप्पी काय, मलेरियावाले विहिरीत सोडतात तेच हे. पचवतात कसलंही पाणी. खरी मेख पुढेच आहे. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो. सामू ७ असताना त्यातला जहाल भाग शेकडा एकही नसतो, ८ वर गेला की तो शेकडा पाचाच्या आसपास जातो. घाण तेवढीच, विष नऊ-दहा पट. आणि नातू दिवसातून पाच वेळा दाणे टाकतो.”

“आजोबा टाकायला लावतात,” माई म्हणाल्या. हे मला ठाऊक नव्हतं. “चार दिवस मासे वर येऊन तोंडं उघडत होते. अण्णा म्हणे, बघ, भूक लागली त्यांना!”

भूक कसली! अमोनियानं कल्ले जळत होते बिचाऱ्यांचे.

“माझ्याकडे ओट्याचा कडाप्पा उरलाय,” माई म्हणाल्या. “देऊ त्यांना? काळा आहे, शोभेलही.”

“ओट्यावर लिंबू सांडलं की काय होतं?”

“डाग पडतो. जातच नाही मेला.”

“कारण कडाप्पासुद्धा चुनखडीचाच. शहाबादीही तशीच. रंगावर जाऊ नका. आपला काळा कातळ चालतो, पण त्याच्या भोकांत कधीकधी पांढरं भरलेलं असतं, ते तपासायचं. गारगोटी चालते. जांभा फसफसत नाही, पण त्याची माती सुटून पाणी तांबडं होतं. आणि त्या दुकानातल्या हिरव्या-गुलाबी रंगवलेल्या खड्यांचं तर नाव काढू नका, रंगाचे पोपडे निघतात.”

“तपासायचं कसं?”

“दगड कोरडा करून वर लिंबू पिळायचं. बुडबुडे आले की चुना आहे. नाही आले तरी आठवडाभर बादलीत भिजत घालायचा आणि पहिल्या आणि शेवटच्या दिवशी पट्टी बुडवून बघायची. काही दगड लिंबालाही दाद देत नाहीत. आणि धुताना नदीतला दगड उकळत ठेवू नका, आत पाणी मुरलेलं असलं तर फुटतो. घासून वर कढत पाणी ओतलं की झालं.”

अण्णा तर काल सगळी टाकीच उपसायला निघाले होते. हात धरला मी. उरलेले गप्पी त्या पाण्याला सरावलेत, एका दिवसात बदललं तर तेही जायचे. आता खडी-शिंपले काढलेत, दाणे एक वेळ, आणि रोज थोडं थोडं, आठवड्यात मिळून चौथा हिस्सा पाणी बदलायचं ठरलंय. नवे निऑन आणायचे ते पट्टीवरचा सामू दोन आठवडे एका जागी राहिला की मग.

“म्हणजे कोपऱ्यावरचीचा दोष नाही म्हणायचा?” माईंचा चेहरा उतरला.

संध्याकाळी अण्णा आले. पिशवीत पाच दगड होते. लिंबं मात्र आमच्याच झाडाची तोडून नेली, सहा.