द राहिला!

गेटवेहून मांडव्याच्या लाँचमध्ये बसताना सर दिसले, की जास्तीचे पैसे भरून वरच्या डेकवर जावं. मी गेलो. सरांनीही भरले होते.

"कुठून कुठे चाललास? इंग्रजीत सांग."

वय बावन्न, डोक्यावर टक्कल, तरी आठवीतल्यासारखा ताठ झालो. "फ्रॉम गेटवे ऑफ इंडिया टु मांडवा."

"द राहिला!"

गेटवेला द लागतो, मांडव्याला लागत नाही. मधल्या अरबी समुद्राला लागतो, पुढच्या अलिबागला लागत नाही. म्हणजे तासाभरात माणूस द घेऊन चढतो आणि रिकाम्या हातानं उतरतो. मराठीत हे लचांड नाही. 'मासा संपला' म्हटलं, की कुठला ते घरात सगळ्यांना कळतं, मांजरालासुद्धा.

मुंबईकर चिडला की 'मी काय अलिबागहून आलोय?' असं विचारतो. सरांचं उत्तर ठरलेलं: "मी आलोय. द न लावता."

असे सर तुमच्याही गावात असणारच. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेले, रेन-मार्टिनच्या व्याकरणाला सोवळ्यात हात लावणारे. यातला रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होता आणि १९२४ साली 'बो जेस्ट' ही साहसकादंबरी लिहून जगभर गाजला, हे मी एकदा मोठ्या उत्साहानं त्यांना सांगितलं. "कादंबऱ्या लिहायचा? मग व्याकरण मार्टिननंच लिहिलं असणार." सूड म्हणून मी ऑक्सफर्डच्या कोशातला 'प्रीपोन' दाखवला. म्हणाले, "कोशात आला म्हणून काय झालं? चिलटंही घरात येतात."

नागावच्या वाटेवर एका टपरीवर 'चाइल्ड बिअर' अशी पाटी होती. सरांनी रिक्षा थांबवून मालकाला थंडगार आणि मूल यांतला फरक वीस मिनिटं समजावला. मीटर... छे, आमच्याकडे मीटर कुठला, पण रिक्षावाल्यानं वीस मिनिटांचे पैसे घेतलेच, आणि ते मी दिले. मालकानं पाटी सुधारली. पंधरा दिवसांनी बघतो तर पुन्हा चाइल्ड! मालक म्हणाला, "सर, मुंबईची माणसं त्या पाटीचा फोटो काढायला थांबतात. थांबली की पितात. चिल्डला कोण थांबतो?" सर बराच वेळ पाटीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "निदान द लागत नव्हता."

सरांबद्दल चांगलं बोलणं माझ्या जिवावर येतं. पण सांगतो. संध्याकाळी त्यांच्या ओटीवर कोळीवाड्यातली पोरं मर्चंट नेव्हीचे अर्ज घेऊन बसलेली असतात. एकेका अर्जाला तीन-तीन खर्डे, फी शून्य. त्यातला एक जहाजावर लागला, तेव्हापासून त्याचा बाप होडी लागली की पिशवीतून बांगडे आणून देतो. सर पक्के शाकाहारी. हे त्या बापाला सांगायचं धाडस त्यांना कुठल्याच भाषेत झालेलं नाही. मग ती पिशवी हात लांब धरून सर माझ्या कुंपणापाशी येतात. "द फिश," म्हणतात. "कुठला ते देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असलं, की द. आता कळलं?"

आठवीत नव्हतं कळलं. बांगड्यांनी कळलं.

त्यांचा नातू अमेरिकेत असतो. त्यानं एकदा फोनवर लिहून पाठवलं, 'मी अँड माय फ्रेंड्स वेंट टु द बीच.' द जागच्या जागी होता. पण 'मी' चुकला. मराठीतला असता तर बिचारा बरोबर होता. सरांनी वाक्य दुरुस्त करून परत पाठवलं. असं तीन-चारदा झालं. आता नातू नुसता अंगठा पाठवतो. अंगठ्यात चूक काढता येत नाही. सर तरी चष्मा लावून तो बघतात, आणि फोन पालथा ठेवतात.

तर मांडव्याच्या लाँचमध्ये वरच्या डेकवर मांडीवर जाडजूड कोश घेतलेले गृहस्थ दिसले, तर उठून जाऊ नका. शेजारी बसा, कुठून आलात ते इंग्रजीत सांगा. द तेवढा गाळा.