पडलं नाही, उतरलं

आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर वैमानिकांच्या तीन पिढ्या नांदतात. आप्पा, त्यांचा मुलगा दादा आणि नातू, तिघांपैकी एकही आत बसून विमान चालवत नाही, सगळा कारभार जमिनीवरून. नागपूरला जायचं तर आप्पा अजून रेल्वेनेच जातात. विमानात बसलं की आपल्या हातात काहीच नसतं, हे त्यांना सोसत नाही.

आप्पांचा जमाना तारांचा. विमानाला पन्नास-साठ फुटी दोन तारा, त्यांचं टोक मुठीत, आणि विमान गोल फिरेल तसं माणसानेही मधोमध उभं राहून फिरायचं. इंधनाला मेथेनॉल आणि एरंडेल. घरात एरंडेलाची बाटली एकच असे. तिच्यातलं इंजिनाला किती गेलं आणि दादाच्या पोटात किती, याचा हिशेब आजी ठेवत. पाच-सहा मिनिटं गरगर फिरून, अंगाला स्पिरिटसारखा वास आणि पायांना झोकांड्या, अशा अवस्थेत आप्पा रविवारी सकाळी दहाला घरी परतायचे. दादाच्या लग्नाच्या चौकशीला आलेल्या पाहुण्यांना समोरच्या कुणीतरी, ‘माणूस देवमाणूस हो, पण रविवारी सकाळीच...’ एवढंच सांगून सोडलं होतं. तरी लग्न झालं, हे वहिनींच्या वडिलांचं धाडस.

दादा रेडिओवाला. त्याच्या उमेदीत ७२ मेगाहर्ट्झचे रिमोट होते. एकाच चॅनेलवर दोघांनी बटण दाबलं की एकाचं विमान गेलंच समजा. म्हणून मैदानावर एक फळी, फळीवर चॅनेलचे नंबर घातलेले कपड्यांचे चिमटे. ज्याच्या शर्टाला चिमटा, त्याचंच आकाश. हे चिमटे कुठून येत, ते वहिनींना विचारा. गच्चीवरचा टॉवेल वाऱ्याने खाली पार्किंगमध्ये गेला की त्या शांतपणे म्हणायच्या, “आज कुणाचं तरी विमान सुखरूप आहे.” आता २.४ गिगाहर्ट्झच्या जमान्यात रिमोट आपापली वाट आपणच शोधतात, चिमट्याची गरज उरलेली नाही. पण तो लावल्याशिवाय दादाचा हात चालत नाही.

वहिनी माळ्यावरची नऊ जुनी विमानं आवरायला निघाल्या की दादा १९३७ सालात शिरतो. त्या वर्षी अमेरिकेत गुड आडनावाच्या जुळ्या भावांनी रेडिओवर मॉडेल उडवलं. एकाला विमानांचा नाद, दुसऱ्याला बिनतारी यंत्रांचा. त्यांचं ते ‘गफ’ नावाचं विमान पुढे स्मिथसोनियन संग्रहालयात गेलं. “बघ, तिकडे जपून ठेवतात,” दादा म्हणतो. “मग ही नऊही तिकडेच पाठवा,” वहिनी शिडीवरून म्हणतात.

नातू थर्माकोलवाला. विमान थर्माकोलचं, मोटर बॅटरीवरची, आणि शिक्षण सगळं कॉम्प्युटरवर. तिथे दोनशे वेळा विमान आपटलं तरी फेविक्विकचा थेंब खर्ची पडत नाही. आप्पांच्या मते हे पाटावर बसून पोहणं शिकण्यासारखं. “बटण दाबून काय, मिक्सरही फिरतो,” हे त्यांचं बॅटरीबद्दलचं मत. २०२१च्या ड्रोन नियमांनी आकाशाचे हिरवे, पिवळे, तांबडे भाग पाडल्यापासून नातू आधी मोबाइलवर नकाशा बघतो आणि मगच लोहगावच्या विमानतळापासून लांबचा माळ ठरतो. आप्पा तेवढ्यात वाऱ्यावर चिमूटभर माती सोडून बघतात.

भांडण मिटतं ते बाल्साच्या लाकडावर. इक्वेडोर हा देश नकाशात कुठे आहे, हे आमच्या सोसायटीत फक्त आप्पांना ठाऊक, कारण बाल्सा तिथून येतं. नातवाने बाल्साचं नवं विमान जोडलं की आप्पा चष्मा कपाळावर ढकलतात आणि पंखांखाली, पुढच्या कडेपासून साधारण तिसऱ्या हिश्शावर, दोन तर्जन्या टेकवून ते तोलतात. नाक जरा वर राहिलं तर नातू न सांगता बॅटरी सूतभर पुढे सरकवतो. त्या वेळी घरात कुणी पंखा लावायचा नाही. दारावरची बेल वाजली तरी उघडायला मीच उठायचं, पाहुणा असून.

या घराण्यात विमान पडत नाही. आप्पांचं ‘जरा लवकर उतरतं’. दादाचा ‘सिग्नल जातो’. नातवाचं ‘लँडिंग हार्ड’ होतं. शेपूट एका बांधावर आणि नाक दुसऱ्या बांधावर सापडलं तरी शब्द बदलत नाही.

गेल्या महिन्यात, बारा वर्षांच्या शेजारधर्माचं फळ म्हणून, रिमोट माझ्या हातात आला. दादाने माझ्या शर्टाला स्वतः चिमटा लावला. विमान लांब जात होतं तोवर मी झकास होतो. मग ते वळून आमच्याकडे तोंड करून येऊ लागलं, आणि उजव्याचं डावं झालं. “जो पंख खाली, तिकडे स्टिक!” तिघे एका सुरात ओरडले. मी विचार करून उलट बाजूला दाबली. विमान शेजारच्या उसात गेलं.

मी मागे बघितलं. निदान ‘वारा होता’ असं कुणी म्हणेल अशी आशा होती.

“पाडलंत,” आप्पा म्हणाले.

दुपारी दोनपर्यंत आम्ही चौघे पुरुषभर उंच उसाच्या सऱ्यांमधून फिरत होतो. पात्यांनी हात चरचरत होते. शेतकरी बांधावर बसून शांतपणे विचारत होता, “पगार किती देत्यात याचा?” विमान मिळालं, एक पंख सोडून. घरी पोचलो तेव्हा वहिनींनी दार उघडलं, माझ्याकडे नखशिखान्त बघितलं आणि हात पुढे केला.

“तो चिमटा आधी इकडे द्या.”