माउलींचा सायकल टाइम

करोनाच्या दोन वर्षांनंतर २०२२ साली वारी पुन्हा पायी निघाली याचा अख्ख्या महाराष्ट्राला आनंद झाला, अपवाद आमच्या एका स्नेह्यांचा. हे चाकणच्या एका कंपनीत प्रॉडक्शन सांभाळतात. घरी चहा किती सेकंदांत होतो याची त्यांच्याकडे नोंद असते, आणि वहिनींकडे त्या नोंदवहीबद्दलचं मत असतं.

"दोन वर्षं घासूनपुसून बसवलेली प्रोसेस एका प्रस्थानात मोडली," ते म्हणाले. गणित मांडायला त्यांना कागद लागत नाही. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास, पायी अठरा-वीस दिवस. २०२० साली ३० जूनला ज्ञानोबा माउलींच्या पादुका फुलांनी सजवलेल्या एसटीत बसल्या, सोबत मोजून वीस माणसं, आणि त्याच दिवशी पंढरपुरात पोच. पुढच्या वर्षी क्षमतावाढ झाली. मानाच्या दहा पालख्या, दर पालखीला दोन बस, चाळीस वारकरी आणि वाखरीपासून दीड किलोमीटर प्रतीकात्मक पायी. "अडीचशेचं दीडवर आणलं होतं हो! जपान्यांनी आपल्याकडे ट्रेनिंगला यायला हवं होतं."

प्रोसेसला विरोध करणारे सगळीकडे असतात. कीर्तनकार बंडातात्या कराडकर २०२१ च्या जुलैत पायीच जायचं म्हणून निघाले. पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतलं आणि गाडीत घालून थेट कराडजवळ नेऊन सोडलं. चालण्याच्या गुन्ह्याला वाहनाची शिक्षा. त्याच दिवसांत आळंदीला बंदोबस्त आणि चाकणला शिफ्टमागून शिफ्ट चालू होत्या. विषाणूला टाइम ऑफिसची भीती वाटत असावी. पंचिंग केलेल्या माणसाच्या वाटेला तो जात नसे, टाळ घेतलेला दिसला की मात्र धावून येई.

आता चालण्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. २०२० च्या उन्हाळ्यात, टाळेबंदीत, चाकणच्या याच पट्ट्यातून माणसं डोक्यावर बोचकी घेऊन चालत निघाली होती, कोणी विदर्भाकडे, कोणी थेट उत्तरेत. त्यांच्यासाठीही एसटी आली, पण उशिरा, आणि तिला झेंडूच्या माळा नव्हत्या. ती चाल कोणाच्या उत्पादकतेत धरायची, हे मी स्नेह्यांना विचारलं. "ते कंत्राटी. ठेकेदाराच्या हिशेबात," ते म्हणाले.

त्यांच्या प्रोसेसमध्ये एकच बारीक खोट निघाली. २०२१ च्या दिवाळीत एसटी संपावर गेली आणि पुढे साडेपाच महिने तिचा पत्ता नव्हता. १५ नोव्हेंबरला कार्तिकी आली तेव्हा लाल गाड्या आगारात उभ्या होत्या. एकाच सप्लायरवर अवलंबून राहू नये, हे चाकणच्या पोराटोरांनाही कळतं. पायांचा सप्लायर निदान संपावर तरी जात नाही, असं मी म्हणालो. ऐकून त्यांनी विषय बदलला.

२०२२ च्या २१ जूनला तुकोबांची पालखी आकुर्डीच्या मुक्कामाला आली. स्नेही निगडीच्या भक्ती-शक्ती चौकात अडकले. एरवी या रस्त्यावर पायी माणसाने पलीकडे जायचं तर घरच्यांचा निरोप घेऊन निघावं लागतं. त्या दिवशी मात्र गाड्यांचाच निरोपसमारंभ चालला होता. कंपनीच्या बसमधून एक पोरगा उतरला. अंगावर युनिफॉर्म, गळ्यात गेटपास, पायात सेफ्टी शूज. समोरून तुळस डोक्यावर घेतलेली आजी आली. तिने तुळस शेजारणीकडे दिली, पदर खोचला, पोराचे हात धरले, आणि लोखंडी टोकाच्या बुटांशी अनवाणी पायांची फुगडी सुरू झाली. पोरगा आधी दमला. आजीने त्याला "माउली" म्हणत नमस्कार केला आणि तुळस परत घेऊन निघाली. "चार मिनिटं गेली," स्नेही म्हणाले. फुटपाथवर फुकट दाढी करून देणारे आणि तुटक्या चपलेला टाका घालून देणारे बसले होते. त्यांचा आउटपुट कुठल्या खात्यात टाकावा, हेही स्नेह्यांना उमगेना.

पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या आघाडीवर त्या वर्षी सामसूम होती. मार्चमध्ये मुदत संपली, प्रशासक आले, त्यामुळे शहरात नगरसेवक एकही नव्हता, इच्छुक मात्र गल्लोगल्ली. एकेका फ्लेक्सवर इतके हसरे चेहरे की विठोबाला कोपऱ्यात तिकिटाएवढी जागा. २०१७ च्या निवडणुकीत दिंड्यांना वाटायच्या विठ्ठल-रुक्मिणीच्या मूर्तींची खरेदी किती गाजली होती, हे त्यातल्या जाणत्यांना आठवत असावं. म्हणून त्या वर्षी पाण्याच्या बाटल्यांवर भागवलं. बाटलीचे आरोप रिकाम्या बाटलीसोबत फेकता येतात.

स्नेह्यांच्या वेदनेवर फुंकर घालायला अखेर राज्याचं राजकारण धावून आलं. माउलींच्या पालखीचं आळंदीत प्रस्थान झालं त्याच २१ जूनला सकाळी कळलं की सत्ताधारी पक्षाचे काही आमदार बंड करून रातोरात सुरतेला पोचलेत. दुसऱ्या दिवशी ते विमानाने गुवाहाटीत. त्यांच्याही दिंडीत मोजकीच माणसं, मुक्कामाची सोय चोख, बंदोबस्त कडेकोट आणि मोबाइल बंद. "बघा!" स्नेही हरखले. "आपली प्रोसेस वाया नाही गेली."

त्याच भरात त्यांनी कायझेन शीट, म्हणजे सुधारणेचा प्रस्ताव, तयार केला. आषाढी वारी पुढल्या वर्षापासून कायमची एसटीने, सोबत वाचलेल्या दिवसांचा तक्ता. अर्ज मुख्यमंत्र्यांच्या नावाने करायचा होता आणि घोडं तिथेच अडलं. आदल्या वर्षी, २०२१ मध्ये, तेव्हाचे मुख्यमंत्री मुंबईहून स्वतः गाडी चालवत महापूजेला गेले होते, त्यामुळे या प्रस्तावाला ते अनुकूल असणार, अशी स्नेह्यांना खात्री होती. आता नाव कोणाचं घालावं? मी सुचवलं, "ती जागा कोरी ठेवा. १० जुलैला आषाढीच्या पहाटे महापूजेला जो उभा दिसेल, त्याचं नाव पेनने भरा."