पाव सेंटात थेट दर्शन

2006 च्या सुरुवातीला एओएल आणि याहू या ईमेल सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांनी जाहीर केलं की, जे व्यवसाय गुडमेल कंपनीकडे दर ईमेलमागे पाव ते एक सेंट मोजतील, त्यांची पत्रं स्पॅमच्या गाळणीला वळसा घालून थेट इनबॉक्समध्ये जातील. वर निळ्या फितीचं चिन्हही मिरवतील. देवळातल्या व्हीआयपी पासासारखीच सोय! फुकट्या रांगेतल्यांनी काळजी करू नये, असा दिलासाही मिळाला.

इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन, मूव्हऑन वगैरे संस्थांनी याला ‘ईमेल-कर’ म्हणत ‘डिअर एओएल’ मोहीम उघडली. एप्रिलमध्ये नेमकी याच मोहिमेचा दुवा असलेली पत्रं एओएलच्या ग्राहकांना पोचेनाशी झाली. कंपनीने खापर सॉफ्टवेअरवर फोडलं. टीकाकारांना आयता पुरावा मिळाला, तोही फुकट.

गुडमेलने 2011 मध्ये गाशा गुंडाळला. स्पॅमवाल्यांचा धंदा मात्र एक सेंटही न भरता चालूच राहिला.