रसायनशास्त्र विभागात नव्याने दाखल झालेल्यांस

अभिनंदन. नेट झाली, पेट झाली, 'हाच विषय का?' या प्रश्नाला ठरलेलं उत्तरही देऊन झालं. गाईडची ओळख यथावकाश होईलच. आधी स्टोअरच्या मामांशी ओळख वाढवा. सिलिका कधी येणार, जादा सेपरेटिंग फनेल कुठल्या कपाटात दडलाय आणि सरांचा आज मूड कसा आहे, हे त्यांनाच ठाऊक असतं. चहा पाजताना हात आखडू नका. जेआरएफचे ३७,००० रुपये दरमहा मिळतात. 'दरमहा' हा शब्द मात्र सैल अर्थाने घ्यावा.

पहिल्याच आठवड्यात सर विचारतील, "एफवायचं प्रॅक्टिकल बघशील ना?" याला उत्तर एकच: "हो सर." टायट्रेशन असेल. फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब, फिकट गुलाबी रंग टिकला की थांबायचं, एवढं सांगून तुम्ही वळेपर्यंत फ्लास्कमध्ये कोकम सरबत झालेलं असेल. तरी तिन्ही रीडिंग १०.० येतील. शेजारच्या टेबलावरही १०.०. रागावू नका, तुमच्या जर्नलमध्येही तेच होतं.

आता संशोधन. म्हणजे मुख्यतः भांडी घासणं. त्यातून वेळ उरला की कॉलम लावा. सिलिका हेक्झेनमध्ये भज्याच्या पिठासारखी कालवून ओता, नळीला टिचक्या मारत राहा, बुडबुडा राहू देऊ नका. वरची पातळी कोरडी पडली की सिलिकेला तडा जातो, आणि तो नेमका तुम्ही डबा खायला गेलात की जातो. मग इथिल ॲसिटेट बेताबेताने वाढवत साठ-सत्तर टेस्ट ट्यूब भरायच्या, प्रत्येकीची टीएलसी मारायची, २५४ नॅनोमीटरच्या दिव्याखाली धरायची. एक स्पॉट हवा असतो. दोन दिसतात.

जुलैत ग्रिन्यार लावू नये. हवेतली ओल ईथरमध्ये शिरते आणि मॅग्नेशियम ढिम्म पडून राहतं. लावलीच, तर आयोडीनचा खडा टाका, फ्लास्क तळहाताने शेका, देवाचं नाव घ्या. क्रम बदलला तरी चालतो.

एवढ्या उस्तवारीतून चिमूटभर पावडर हाती लागली की ती एनएमआरला जाते, आणि तिथली रांग रेशनच्या रांगेची आठवण करून देते. माझा पहिला आलेख आला तेव्हा २.१७ ला एकच उंच, तरतरीत पीक उभं होतं. असं पीक आमच्या शेतात कधी आलं नव्हतं. मिथाइल कीटोन झाला म्हणून मी विभागभर पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. सरांनी कागदाकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, "नळी कशाने धुतलीस?"

ॲसिटोनने. आणि वाळवली नव्हती.

तेव्हा ड्युटेरेटेड क्लोरोफॉर्ममधले एवढे आकडे लिहून घ्या: ॲसिटोन २.१७, पाणी १.५६, इथिल ॲसिटेट १.२६, २.०५ आणि ४.१२, नळाच्या खुंटीचं ग्रीस ०.०७. आमच्या फ्यूम हूडच्या काचेवर मी ते मार्करने लिहिले होते. मामांनी अजून पुसलेले नाहीत.