सेट आहे, पण सेटल नाही

आमच्या बिल्डिंगमधल्या एका मुलासाठी स्थळं बघणं चालू आहे. परवा जिन्यात त्याची आई फोनवर सांगत होती, ‘नेट आहे, सेटसुद्धा आहे.’ पलीकडून प्रश्न आला असावा, कारण माउलीचा चेहरा उतरला. ‘सेटल ना? होईल की,’ एवढंच म्हणाली. मुलगा सहा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवतोय. तास घेतला तर पैसे, सुट्टी लागली की हरी हरी. कायम जागेसाठी आणखी काय लागतं, असं त्याने एका जाणत्याला विचारलं. जाणता म्हणाला, ‘सेटिंग.’

सेट झालेल्याला सेटल व्हायला सेटिंग लागते. हे शुद्ध मराठी वाक्य आहे आणि ते कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. (ती परीक्षेची सेट नुसत्या आद्याक्षरांची, मूळ शब्दाशी तिचं काही नातं नाही. पण नातं नसताना आत शिरणं ही तर सेटिंगची पहिली पायरी.)

इंग्रजांनीही हा शब्द काही कमी राबवला नाही. ऑक्सफर्डच्या थोरल्या कोशाच्या १९८९च्या आवृत्तीत ‘सेट’ या क्रियापदाचे सुमारे ४३० अर्थ दिले होते आणि ते उलगडायला ६० हजारांच्या आसपास शब्द खर्ची पडले होते. पुढे ‘रन’ने त्याला मागे टाकलं. त्याचे ६४५ अर्थ लावायला पीटर गिलिव्हर या कोशकाराला नऊ महिने लागले. बाळंतपणच म्हणायचं. तर तिकडे धावणारा शब्द बसलेल्या शब्दाच्या पुढे गेला. आपल्याकडे असं घडल्याचं ऐकिवात नाही.

बसलेला म्हणायचं कारण असं की ‘सेट’चा मुळातला अर्थ बसवणे. ‘सिट’ म्हणजे बसणे, ‘सेट’ म्हणजे दुसऱ्याला बसायला लावणे. आपल्याकडे नेमकी हीच जोडी आहे आणि ती तेवढीच राबते. हाडवैद्य हाड बसवतो, सोनार खडा बसवतो. इंग्रजीतही या दोन्ही ठिकाणी सेटच. आपण भाद्रपदात गणपती बसवतो, आश्विनात घट बसवतो, थंडीत स्पर्धेसाठी एकांकिका बसवतो. सरकार कर बसवतं, त्याविरुद्ध ओरडून आपला घसा बसतो. बस्तान बसलं तर माणूस वर आला आणि धंदा बसला तर माणूस संपला. आणि ‘आज बसायचं का?’ असं मित्राने विचारल्यावर खुर्ची शोधणारा इसम मराठी मुलखात जन्माला यायचा आहे.

सेटल या शब्दाचीही हीच गंमत. त्याच्या मुळाशी बसायची जागा आहे, आसन. पूर्वी मुलीचे वडील विचारायचे, मुलगा पायावर उभा आहे ना? आता विचारतात, बसला ना? अमेरिकेत बसला असेल तर फारच उत्तम. घरी बसला असेल तर मात्र पत्रिका जुळत नाही.

खरी मजा पुढेच आहे. संस्कृतातला ‘सद्’ धातू म्हणजेही बसणे. तो आणि हे सिट-सेट एकाच आजोबांची नातवंडं. परिषद, सभासद, संसद ही सगळी सद्‌ची पिल्लं. गुरूजवळ बसून ऐकलेलं ते उपनिषद. (तुम्ही वाचताय ते सदर मात्र अरबी, त्याला यात ओढू नका.) लॅटिनकडच्या घराण्यात सेशन, प्रेसिडेंट आणि सबसिडी. अख्खं राज्य एका धातूवर चालतंय. त्याहून कडी म्हणजे प्रसाद, प्रसन्न आणि विषाद हेही त्याच कुळातले. टेबलाखालून प्रसाद सरकला की साहेब प्रसन्न, नाही सरकला की आपला अर्जुन होतो. तेव्हा उद्या कुणी म्हणालं की अमुक परिषदेत सेटिंग चालते, तर तो अवमान समजू नये. ती व्युत्पत्ती आहे.

मग आपल्या भाषेत सेटिंगला शब्द नव्हता का? ढिगाने होते. वशिला, संधान, साटंलोटं, चिरीमिरी, मांडवली, हात ओले करणे. पण या प्रत्येकाला वास येतो. वशिला म्हटलं की ‘कुणाचा?’ हे विचारलं जातं. लाच म्हटलं की ‘किती?’ साटंलोटं म्हणताच दोन माणसं अंधारात उभी दिसतात. सेटिंग म्हटलं की पुढे प्रश्नच येत नाही. ‘अच्छा, सेटिंग आहे होय,’ म्हणून ऐकणारा मान डोलावतो, जसा काही कुणी टीव्हीचा रंग कमी-जास्त केला. शिवाय सेटिंग कुणी केली हे बोलायची गरज नाही. ती ‘असते’, ‘लागते’, फार तर ‘होऊन जाते’. पावसासारखी. मांडवलीचं तेच. गल्लीत पानाच्या टपरीमागे होते तोवर मांडवली, वकिलाच्या केबिनमध्ये गेली की सेटलमेंट, आणि तिचं रीतसर बिल येतं.

विरजण लागायचं, आता दही सेट होतं. गजर लावायचो, आता अलार्म सेट करतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही, दह्याची चव तीच राहिली. पण चोरीला दह्याच्या पंक्तीला नेऊन बसवलं, हे मात्र मराठी माणसाचं स्वतःचं संशोधन आहे. ऑक्सफर्डवाल्यांनी या अर्थासाठी वेगळी ओळ राखून ठेवायला हरकत नाही.

काल पुन्हा जिन्यात गाठ पडली. माउली खुशीत होती. रविवारी बैठक ठरली होती, मंडळी नाशिकहून येणार होती, घरचं सगळं बरं होतं. फोन अजून कानालाच होता. हुंड्याचा विषय पलीकडून निघाला असावा, कारण तिने जीभ चावली आणि अगदी मनापासून म्हणाली, ‘छे हो, देण्याघेण्याचं नावसुद्धा काढू नका. आमच्यात ते चालत नाही. ह्याच्या कायम जागेचं तेवढं तुम्ही सेट करून द्या.’