फोडणीचं ऑडिट

निवृत्त झालेल्या नवऱ्याला घरातलं काहीतरी बंद करायचं असतं. कोणी पेपर बंद करतं, कोणी केबल. आमच्या ह्यांनी तेल बंद केलं.

त्याआधी दूध, दही, तूप गेलं होतं. लिपिड प्रोफाइलच्या कागदावर एलडीएलसमोर वर जाणारा बाण आला आणि ह्यांनी घरात वनस्पतीजन्य आहार जाहीर केला. मी फारसं मनावर घेतलं नाही. भाकरी, पिठलं, मटकीची उसळ खाणाऱ्या घराला ही काही बातमी नव्हे. चहा कोरा झाला आणि कढी बंद पडली, एवढंच. पण मग ह्यांना डॉ. कॉल्डवेल एसेलस्टिन सापडले. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमधले हे शल्यविशारद हृदयविकाराच्या रोग्यांना सांगतात की धान्यं, कडधान्यं, पालेभाज्या खा, तेलाचा मात्र थेंबही नको, ऑलिव्हचंसुद्धा नको. आता, ह्यांचं हृदय ठणठणीत आहे. तरी "रोग व्हायची वाट कशाला बघायची?" असं म्हणून ह्यांनी रोग्याचा आहार आगाऊ सुरू केला. फेब्रुवारी 2025 मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मधून तेल 10 टक्के कमी करायला सांगितलं होतं. उरलेल्या 90 टक्क्यांची जबाबदारी ह्यांनी आपणहून उचलली.

हे बँकेत ऑडिटला होते, हे इथे सांगायला हवं. ओट्याशेजारी वही आली. तारीख, पदार्थ, तेल. एक ग्रॅम तेलात 9 कॅलरी, एक ग्रॅम पिष्टमयात 4, मोठा चमचाभर तेल म्हणजे 120 कॅलरी, आणि एवढ्या कॅलरी आत गेल्या तरी पोटाला पत्ता नाही, हे मला रोज भाजी चिरताना ऐकवलं जाऊ लागलं. हिशोब बरोबर होता. ऑडिटरचा हिशोब नेहमी बरोबरच असतो, त्रास त्याचाच होतो.

मग पाण्याची फोडणी. कढईत पाणी उकळायचं, त्यात मोहरी-जिरं टाकायचं. पाणी 100 अंशांवर अडून बसतं, तेल त्याच्या कितीतरी पुढे तापतं. म्हणून तेलात मोहरी तडतडते आणि पाण्यात पोहते. हिंगाचा, जिऱ्याचा वास तेलात उतरतो आणि तेल तो भाजीभर पोचवतं. हळदीतला औषधी म्हणून मिरवणारा भागही पाण्यात नीट विरघळत नाही. सासूबाईंनी पहिल्या दिवशी वरणाचा वास घेतला आणि विचारलं, "सूनबाई, आज मोहरीला आंघोळ घातलीस का गं?"

"आई, हे हृदयासाठी आहे," हे म्हणाले.

"मग त्यालाच वाढ," सासूबाई मला म्हणाल्या.

काही दिवस मी निमूट पाणी उकळलं. मग एका रविवारी भरली वांगी केली. 60 ग्रॅम शेंगदाण्यांचा कूट, 20 ग्रॅम सुकं खोबरं, थोडे तीळ, चिंच-गूळ, गोडा मसाला. बरणीतल्या तेलाला हातही लावला नाही. वजनं ह्यांच्याच काट्यावर केली. मंद आचेवर झाकण ठेवलं. ह्यांनी वहीत ‘तेल : शून्य’ असं लिहून खाली सही केली आणि झाकण काढलं, तर रश्शावर तांबूस तवंग.

"अगं, हे काय?"

"मी घातलेलं नाही. शेंगदाण्यांनी येताना आणलंय."

वही मागून घेतली आणि मीच आकडे मांडले. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेल, तिळातही तेवढंच, सुक्या खोबऱ्यात 60 टक्क्यांच्या वर. म्हणजे त्या शून्य तेलाच्या वांग्यांमध्ये 40 ग्रॅमहून जास्त तेल होतं. फोडणीला मी घालते दोन छोटे चमचे, 10 ग्रॅम. आमच्याकडे कूट कशाकशात पडतो हे कोणत्याही मराठी बाईला विचारा. काकडीत, पालेभाजीत, चटणीत, आणि एकादशीला तर सगळ्यातच.

ह्यांनी हार मानली नाही, आणि खरं सांगायचं तर मुद्दा त्यांच्याकडेही होता. दाण्यांबरोबर चोथा येतो, प्रथिनं येतात, पोट भरल्याचं कळतं. नुसत्या तेलात यातलं काही नाही. "शिवाय दाण्यातलं सगळंच तेल अंगी लागत नाही," हे विजयी मुद्रेने म्हणाले.

"अख्खे चावून खाल्ले तर. मी मिक्सरमधून काढलेत."

मग घरात पुराव्यांची देवाणघेवाण सुरू झाली. मी स्पेनमधला प्रेडिमेड अभ्यास काढला. हृदयविकाराचा धोका असलेली जवळजवळ साडेसात हजार माणसं. भूमध्यसागरी जेवणाबरोबर काहींना भरपूर ऑलिव्ह तेल, काहींना सुकामेवा, काहींना नुसता स्निग्ध कमी खाण्याचा सल्ला. तेलवाले आणि सुकामेवावाले दोन्ही गट सल्लावाल्यांपेक्षा बरे निघाले. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात गट पाडताना गडबड झाल्याचं उघडकीला आलं, म्हणून 2018 मध्ये तो दुरुस्त करून पुन्हा छापला. निष्कर्ष जवळपास तोच राहिला. ‘दुरुस्त करून पुन्हा छापला’ हे शब्द ऐकून ह्यांचा चेहरा उजळला. त्यांनी 2024 चा अमेरिकेतला प्रयोग समोर ठेवला: 40 माणसं, सगळ्यांना शुद्ध वनस्पतीजन्य जेवण, पण महिनाभर रोज चार मोठे चमचे ऑलिव्ह तेल आणि महिनाभर एका छोट्या चमच्याहूनही कमी. एलडीएल दोन्ही प्रकारांत उतरलं, कमी तेलाने जास्त उतरलं.

"बघ!" हे म्हणाले.

"बघितलं. चार मोठे चमचे. माणशी. माझी फोडणी तिघांत दोन छोट्या चमच्यांची आहे."

माझं मत मी सांगून टाकते. फोडणीतलं तेल कामावर असतं. मिसळीवरची तर्री, वांग्याच्या भाजीवर बोटभर तरंगणारा थर, भज्यांनी प्यायलेलं तेल, हे नुसतं मिरवायला आलेलं असतं. त्याला खुशाल घरी पाठवा. आणि झाडापासून आलंय म्हणून कोणाला सोडू नका: खोबरेल तेलातली 80 टक्क्यांहून जास्त चरबी संपृक्त असते, पामतेलात निम्मी, आणि आमच्या लहानपणीचं वनस्पती तूप तर नखशिखांत शाकाहारी असून ट्रान्स फॅटने भरलेलं होतं. उलट शरीराला स्वतः बनवता न येणारी दोन स्निग्धाम्लं बाहेरूनच लागतात. त्यातलं एक जवसात भरपूर असतं, म्हणजे आपल्या चटणीतच. गाजराच्या कोशिंबिरीतलं कॅरोटीनही थोडं स्निग्ध असेल तरच नीट अंगी लागतं. कोशिंबिरीवर फोडणी ओतणारी आजी काही चुकत नव्हती.

सासूबाईंनी या वादात एकदाच तोंड घातलं. "आमच्या वेळी रेशनवर तेल मिळायचं तेवढंच," त्या म्हणाल्या. "पळीने मोजून काढायचो. तुम्ही डबाच वाकडा करता आणि मग तेलाला नावं ठेवता."

सध्या आमच्या घरी तडजोड आहे. फोडणीला दोन चमचे तेल परत आलं आहे, शेंगदाण्याचं नाहीतर करडईचं, चमच्यानेच मोजून. पुऱ्या आणि चकल्या सणापुरत्या. वहीत ‘छुपं तेल’ असा नवा रकाना आहे आणि तो मी भरते. दूध-तूप अजून बंदच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही; कोऱ्या चहाबद्दल आहे, पण तो वेगळा लेख होईल.

तेव्हा कोणी अभिमानाने "आमच्याकडे बिनतेलाचं असतं हं" म्हणून जेवायला बोलावलं, तर अवश्य जा, पोटभर जेवा. फक्त निघण्यापूर्वी यजमानीणबाईंना कूट किती घातला ते विचारा.